फळ्यावरची पेटी

क्वांटम सिद्धांताचे एक शिल्पकार, डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोपनहेगनला राहत्या घरी वारले. त्यांच्या खोलीतल्या फळ्यावर आदल्या संध्याकाळी काढलेलं एक चित्र तसंच राहिलं होतं. ती होती आइन्स्टाइन यांची पेटी. आइन्स्टाइन जाऊन सात वर्षं झाली होती, तरी बोर यांचा त्यांच्याशी वाद चालूच होता.

पेटीची गोष्ट १९३०ची, भौतिकशास्त्रज्ञांच्या ब्रसेल्समधल्या सॉल्व्हे परिषदेतली. अणू आणि प्रकाशकणांच्या सूक्ष्म जगाचे नियम सांगणारा क्वांटम सिद्धांत म्हणत होता, की एखादी घटना नेमकी कधी घडली आणि तिच्यात नेमकी किती ऊर्जा गेली, हे दोन्ही एकदम काटेकोर कळणार नाही. एक घट्ट धरावं, तर दुसरं निसटतं. आइन्स्टाइन यांना हे पटत नव्हतं. ते म्हणाले, प्रकाशाने भरलेली एक पेटी घ्या. आत घड्याळ ठेवा. ठरल्या क्षणी ते झडप उघडेल आणि एकच प्रकाशकण बाहेर सोडेल. म्हणजे वेळ कळली. आता पेटीचं आधीचं आणि नंतरचं वजन करा. जेवढं वस्तुमान घटलं, तेवढी ऊर्जा गेली. दोन्ही कळलं!

बोर हादरले. त्या संध्याकाळी आइन्स्टाइन शांतपणे चालत होते आणि बोर त्यांच्या शेजारून जवळजवळ धावत, हे खरं ठरलं तर भौतिकशास्त्रच संपेल, असं सांगत होते. पाहणाऱ्या एका सहकाऱ्याने हे लिहून ठेवलं आहे.

रात्र डोळ्यांवर काढून सकाळी बोर उत्तर घेऊन आले. वजन करायचं तर पेटी ताणकाट्याला टांगावी लागणार. कण निघाला की ती किंचित वर सरकणार. आणि घड्याळ किती भराभर चालेल, हे गुरुत्वाकर्षणात ते किती उंचीवर आहे यावर ठरतं. वजन जितकं काटेकोर करू जावं, तितकी वेळ धूसर होते. हा उंचीचा नियम सांगितला होता कोणी? आइन्स्टाइन यांनीच, आपल्या व्यापक सापेक्षता सिद्धांतात!

परक्या टीकाकाराला बोर यांना असं कोंडीत पकडणं जमलं नसतं, असं मला मनापासून वाटतं. सिद्धांताची शिवण कुठे कच्ची आहे हे आइन्स्टाइन यांना आतून ठाऊक होतं, आणि त्यांचा शब्द बोर यांना झोप लागू देत नव्हता. पूर्वी आइन्स्टाइन कोपनहेगनला आले, तेव्हा बोर त्यांना आणायला स्टेशनवर गेले होते. ट्राममध्ये बोलण्याच्या नादात उतरायचा थांबा मागे गेला. उलटी ट्राम पकडली, तर तोच थांबा पुन्हा हुकला. ज्याच्याशी बोलताना घर मागे पडतं, त्याचा आक्षेप कसा झटकून टाकणार?

आइन्स्टाइन यांनी हार मानली नाही. १९३५मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह नवा पेच टाकला: एकमेकांशी जोडलेले दोन कण दूर नेले, तर एकाच्या मोजमापावरून दुसऱ्याबद्दल लगेच कळतं. मग ते गुणधर्म आधीपासूनच ठरलेले असले पाहिजेत, आणि सिद्धांत अपुरा आहे. बोर यांनी त्याच वर्षी उत्तर दिलं, पण निकाल लागेना. १९६४मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी हा वाद प्रयोगशाळेत मोजता येईल अशा गणितात बसवला. पुढे जॉन क्लाउझर आणि आलँ आस्पे यांनी प्रकाशकणांच्या जोड्या प्रत्यक्ष तपासल्या. आकडे क्वांटम सिद्धांताच्या बाजूने पडले. या कामासाठी त्या दोघांना आंटोन त्साइलिंगर यांच्यासह २०२२चं नोबेल मिळालं. क्लाउझर प्रयोगाला लागले, तेव्हा आइन्स्टाइन बरोबर ठरतील अशी त्यांना आशा होती.