ल्युप्रोलाइड आणि सेट्रोरेलिक्स: परिणाम एक, मार्ग उलटे

आयव्हीएफमध्ये (बीज शरीराबाहेर फलित करण्याच्या उपचारात) एफएसएच या बीजे वाढवणाऱ्या हार्मोनची इंजेक्शने कशासाठी असतात, हे त्या उपचारातून जाणाऱ्या जोडप्यांना सांगावे लागत नाही. गोंधळ होतो तो जोडीला दिल्या जाणाऱ्या दुसऱ्या इंजेक्शनाचा. ल्युप्रोलाइड काय किंवा सेट्रोरेलिक्स काय, दोन्ही ‘अंडी वेळेआधी फुटू नयेत म्हणून’ असतात, एवढे सांगून विषय मिटवला जातो आणि मग एक जण दुसरीच्या तारखांवरून आपला उपचार चुकीचा ठरवते. हे अर्धवट सांगणे मला मुळीच मान्य नाही.

मेंदूतील हायपोथॅलॅमस जीएनआरएच हे हार्मोन सलग सोडत नाही; बीज वाढण्याच्या काळात साधारण ६० ते ९० मिनिटांनी त्याचा एकेक ठोका पडतो आणि प्रत्येक ठोक्याला मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एफएसएच आणि बीज फुटायला लावणारे एलएच ही हार्मोन सोडते. ल्युप्रोलाइड हा याच हार्मोनचा टिकाऊ नक्कल-रेणू, म्हणजे अ‍ॅगोनिस्ट आहे. तो पिट्युटरीला दाबत नाही, चेतवतो. मग एलएच घटते कसे? ठोक्यांमधली विश्रांती नाहीशी झाल्यामुळे. संदेश अखंड येऊ लागला की पिट्युटरीच्या पेशी आपले रिसेप्टर (संदेश टिपणारे रेणू) कमी करतात आणि प्रतिसाद देणे थांबवतात. शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्न्स्ट क्नोबिल यांच्या प्रयोगशाळेने १९७८ मध्ये ऱ्हीसस माकडांवर हेच दाखवले: जीएनआरएच सलग दिल्यावर दोन्ही हार्मोन घसरले, ठोक्यांनी दिल्यावर पुन्हा वाढले.

म्हणूनच ल्युप्रोलाइडने सुरुवातीचे काही दिवस हार्मोन वाढतात, आणि म्हणूनच लाँग प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे एफएसएचच्या आधीच पिट्युटरी शांत करण्याच्या पद्धतीत, ते आधीच्या पाळीच्या साधारण २१व्या दिवसापासून सुरू करतात. एंडोमेट्रिऑसिससाठी (गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या विकारासाठी) ते घेणाऱ्या काही स्त्रियांचे दुखणे प्रथम वाढते, ते याच कारणाने. औषध लागू पडत नाही असा त्याचा अर्थ नव्हे, आणि हे त्यांना आधीच सांगितले गेले पाहिजे.

सेट्रोरेलिक्स हा अँटॅगोनिस्ट. तो रिसेप्टर अडवून बसतो, चेतवत नाही. एलएच काही तासांतच खाली येते. त्यामुळे एफएसएच सुरू झाल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी तो दिला तरी पुरतो. मात्रा आणि साठवणीतले फरक पाकिटावर लिहिलेले असतात.

पीसीओएस हा बीजकोशांचा हार्मोन-विकार असलेल्या, भरपूर बीजे तयार होणाऱ्या स्त्रीसाठी मी निःसंशय अँटॅगोनिस्टच्या बाजूने आहे. पिट्युटरीची प्रतिसादक्षमता शाबूत असल्याने शेवटच्या ट्रिगरला, म्हणजे बीजे पक्व करणाऱ्या इंजेक्शनाला, एलएचसारखेच काम करणाऱ्या एचसीजी या हार्मोनऐवजी अ‍ॅगोनिस्टच वापरता येतो. त्याने उसळणारे एलएच लवकर ओसरते, तर एचसीजी अनेक दिवस बीजकोशांना चेतवत राहते. बीजकोश सुजून पोटात पाणी साठण्याचा ओएचएसएसचा धोका त्यामुळेच बराच कमी होतो. लाँग प्रोटोकॉलमध्ये ही वाट बंद असते, कारण तिथे पिट्युटरी आधीच निरुत्तर झालेली असते. मात्र अ‍ॅगोनिस्टच्या ट्रिगरनंतर शरीराचे स्वतःचे प्रोजेस्टेरॉन (गर्भ रुजण्यासाठी लागणारे हार्मोन) लवकर घटते, म्हणून अशा वेळी बहुधा भ्रूण गोठवून ठेवतात आणि पुढच्या एखाद्या पाळीत गर्भाशयात सोडतात.