शिडाची बोट स्वतः हाकायची आहे? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या लोकांचे अर्ज कुठे अडतात

पासपोर्ट, आधारची दुरुस्ती, नाडकचेरीतले दाखले असली कामं करून देणाऱ्याकडे शिडाच्या बोटीचे अर्ज कशाला यावेत? पण येतात. पहिला तर माझाच होता. हिंदी महासागरातल्या सेशेल्सच्या बेटांमधून आठवडाभर बोट आपणच हाकायची असं ठरवून मी प्रशिक्षण घेतलं, दाखला मिळवला, बुकिंगला पाठवला आणि चौथ्या दिवशी नकार आला. दाखला अस्सल होता. पण त्यावरचं नाव पासपोर्टशी जुळत नव्हतं, आणि समुद्रावर काढलेल्या मैलांची नोंद मी जोडलीच नव्हती. त्यानंतर आपल्या भागातल्या पाच-सहा जणांचे कागद हातातून गेले. अडले ते याच दोन ठिकाणी. म्हणून बाकीचं भराभर सांगतो आणि या दोन गोष्टींवर थांबतो.

बेअरबोट चार्टर म्हणजे नुसती बोट भाड्याने. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, नाही, खलाशी नाही, स्वयंपाकी नाही. कंपनी आपली काही कोटींची वस्तू तुमच्या हातात देते, तेव्हा ती तुमच्याकडे पर्यटक म्हणून बघत नाही, तांडेल म्हणून बघते. शिडाच्या बोटीसाठी आरटीओसारखं जवळचं ऑफिस आपल्याकडे नाही. त्यामुळे लोक ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचा, म्हणजे आरवायएचा, नाहीतर अमेरिकन सेलिंग असोसिएशनचा, म्हणजे एएसएचा, दाखला घेतात.

आरवायएचा रस्ता असा: पाच दिवसांचा कॉम्पिटंट क्रू, म्हणजे खलाशाचा अभ्यासक्रम, मग तांडेलाचा, म्हणजे सुमारे ४० तासांची डे स्किपर थिअरी, मग पाच दिवसांचं डे स्किपर प्रात्यक्षिक. वय किमान १६. एएसएकडे १०१, १०३ आणि १०४ असे टप्पे आहेत. यातला १०४ हा बेअरबोटीचा. दोन सांगाड्यांची कॅटामरान घेणार असाल तर ११४ वेगळा. थिअरी घरी बसून ऑनलाइन होते, टिळकवाडीत बसा नाहीतर नंदगडात. प्रात्यक्षिकाला मात्र समुद्र लागतो. मुंबईत कीलबोटीवर (तळाला जड कणा असलेल्या मोठ्या शिडाच्या बोटीवर) शिकवणारे क्लब आणि शाळा आहेत, थायलंड-मलेशियातही आरवायएची केंद्रं आहेत. पैसे भरण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा: मान्यता नेमकी कुठल्या अभ्यासक्रमाला आहे? लहान डिंगी शिकवायची मान्यता असणं आणि डे स्किपर देण्याची असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माहितीपत्रकात दोन्ही शेजारी-शेजारी छापलेल्या असतात.

दाखल्यावर आणखी एक शब्द असतो, तो कुणी वाचत नाही. डे स्किपर 'टायडल' आणि 'नॉन-टायडल' असा दोन प्रकारचा मिळतो, म्हणजे भरती-ओहोटीच्या पाण्यात घेतलेला आणि तशा नसलेल्या पाण्यात घेतलेला. कंपनीच्या यादीत पहिला मागितला असेल तर दुसरा चालत नाही. तसंच गोव्यात मोटरबोटीचा कोर्स करून आलेली मंडळी तोच कागद पुढे करतात. त्या कागदाचा शिडाशी संबंध नाही. आयसीसी नावाचा जो आंतरराष्ट्रीय दाखला आहे, त्यातही शीड आणि मोटर असे वेगळे रकाने असतात. तो पाच वर्षं चालतो आणि मुख्यतः युरोपात, क्रोएशिया-ग्रीसकडे मागतात. तुमच्या कंपनीच्या यादीत असेल तरच त्याच्यामागे लागा. बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओवर बोलण्याचा एसआरसी दाखला मात्र घेऊन टाका. छोटासा अभ्यास आहे, परीक्षा समोर बसून द्यावी लागते, आणि मदत मागायच्या सोळा नंबरच्या चॅनलवर काय बोलायचं हे जीव अडकल्यावर शिकता येत नाही.

आता तो कागद, जो कुणाकडेच नसतो.

कंपनी दाखल्यासोबत 'सेलिंग रेझ्युमे' मागते. आपले लोक नोकरीचा बायोडाटा पाठवतात. एकाने दहावीचे टक्के आणि एनसीसी लिहून पाठवली होती. दुसऱ्याने गोव्यातल्या मांडवी नदीत संध्याकाळी गाणी लावून फिरणाऱ्या बोटीत दोन तास बसल्याचं अनुभव म्हणून नमूद केलं होतं. हसू नका, फॉर्मवर 'बोटीवरचा अनुभव' एवढंच छापलं असेल तर माणूस दुसरं काय लिहिणार? रेझ्युमे म्हणजे तुम्ही कुठल्या पाण्यात, किती लांबीच्या बोटीवर, किती सागरी मैल आणि कुठल्या भूमिकेत काढले याचा हिशेब. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. माझ्या वहीतली एक ओळ अशी आहे:

"१४ डिसेंबर. मुंबई बंदर ते मांडवा आणि परत. ३४ फुटी कीलबोट. १८ मैल. रात्रीचे तास दोन. सुकाणूवर, तांडेलाच्या देखरेखीखाली. वारा वायव्येचा, मध्यम. तांडेलाची सही."

अशा ओळी साठवाव्या लागतात. डे स्किपरच्या प्रात्यक्षिकाला बसण्याआधीच पाच दिवस, १०० मैल आणि रात्रीचे चार तास एवढा अनुभव अपेक्षित असतो. कॉम्पिटंट क्रूमध्ये दिवस भरतात, मैल जवळपास भरतात, रात्रीचे तास मात्र राहून जातात, कारण शिकवणारा संध्याकाळी बोट धक्क्याला लावून चहाला जातो. पहिल्याच दिवशी सांगा की मला रात्रीचे तास हवेत. आणि सही त्याच दिवशी, बोटीवरून उतरायच्या आधी घ्या. माझ्या तीन ओळींवर सही राहिली होती. तो तांडेल पुढे दुसऱ्या जहाजावर गेला, फोन बदलला, आणि ते ४१ मैल कागदावरून गेले ते गेलेच. हाताला पडलेले घट्टे दाखवून मैल मोजून मिळत नाहीत.

भूमिका लिहिताना खोटं लिहू नका. 'खलाशी' असताना 'तांडेल' लिहिलं की कंपनीच्या तळावर, म्हणजे बोट घ्यायच्या धक्क्यावर, पहिल्या तासात उघडं पडतं. बोट ताब्यात देण्याआधी कंपनीचा माणूस सोबत येऊन बोट मागे घ्यायला लावतो, नांगर टाकायला लावतो, शीड आखडायला लावतो. त्याची खात्री पटली नाही तर तो आपला तांडेल तुमच्यासोबत बसवतो, आणि त्याचा रोजचा पगार तुमच्या खिशातून जातो. हे करारात लिहिलेलं असतं. बऱ्याच कंपन्या तांडेलाशिवाय आणखी एक जाणता माणूस बोटीवर मागतात. म्हणजे बायको किंवा भाऊ सोबत येणार असेल तर त्यांनीही कॉम्पिटंट क्रू केलेला बरा.

'आपला समुद्राशी काय संबंध' असं इथे कुणी म्हटलं की मला म्हादई आठवते. खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात उगम पावणारी ही नदी. तिच्या पाण्यावरून आपलं आणि गोव्याचं भांडण किती वर्षं चाललंय, आणि तिच्याच नावाच्या नौदलाच्या शिडाच्या बोटीवरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीला वळसा घातला. असं करणारे ते पहिले भारतीय. उगम आपला आहे म्हटल्यावर थोडा हक्क सांगायला हरकत नाही.

आता नाव. हा खास आपल्या सीमाभागातला घोळ आहे. शाळा मराठी, दाखल्यावर ज्ञानेश्वर. दहावीच्या इंग्रजी गुणपत्रिकेवर तो 'डी'पासून सुरू झाला. आधार काढताना ऑपरेटरने कन्नडवरून इंग्रजी केलं, तिथे तो 'जे'पासून. पॅनवाल्याने स्वतःच्या अंदाजाने 'जी' लावला. एकाच मुलाची तीन माणसं झाली. शिवाय कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी, कुठे वडिलांच्या नावाचं नुसतं एक अक्षर. इथल्या काउंटरवर 'आगूदिल्ल री', म्हणजे होणार नाही, म्हणून कागद परत येतो आणि माणूस उद्या परत जातो. परदेशातली कंपनी एक ओळीचा मेल पाठवते आणि तारीख दुसऱ्याला देऊन टाकते.

उपाय कंटाळवाणा आहे, पण क्रम चुकवू नका. दहावीच्या कागदावरचं स्पेलिंग धरा, आधी आधार दुरुस्त करा, मग पासपोर्ट. आणि प्रशिक्षणाचा फॉर्म भरताना पासपोर्ट समोर उघडा ठेवून अक्षर न् अक्षर उतरवा. मी फॉर्मवर घरात हाक मारतात ते नाव लिहिलं होतं. पुढे प्रत्येक दाखल्यावर तेच छापून आलं. जन्मस्थळाची मात्र काळजी करू नका. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर 'बेळगावी' झालं, जुन्या पासपोर्टवर जुनं स्पेलिंग असेल, पण बंदरावरच्या माणसाला त्याचं काही नसतं.

पासपोर्टचा अर्ज बेळगावच्या पोस्टातल्या केंद्रात होतो, फाइल बेंगळुरूच्या कार्यालयाखाली. ३६ पानी, साध्या मार्गाने १५०० रुपये. लवकर होईल म्हणून कोल्हापूरला मामाचा पत्ता देऊ नका. पोलीस पडताळणीला दारात आले की मामा प्रामाणिकपणे सांगतो, 'तो दिवाळीला येतो'.

सेशेल्सला भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागत नाही, हे खरं. त्यावरून 'काहीच लागत नाही' असं समजून विमानतळावर गेलेले लोक आहेत. निघण्याआधी ऑनलाइन प्रवास-परवानगी घ्यावी लागते. त्यासाठी परतीचं तिकीट आणि राहण्याचा पुरावा लागतो. तुम्ही राहणार बोटीवर, म्हणून कंपनीकडून बुकिंगचं पत्र मागून घ्या. त्यात बोटीचं नाव आणि सगळ्यांची नावं पासपोर्टप्रमाणे असली पाहिजेत.

तारखांबद्दल दोन गोष्टी. कंपनी अमेरिकन असेल तर ती महिना आधी लिहिते. ०४/१० म्हणजे त्यांच्याकडे १० एप्रिल. उरलेली रक्कम ४ ऑक्टोबरपर्यंत भरायची आहे असं समजून एक गृहस्थ निवांत राहिले आणि अनामतीसकट बुकिंग गमावून बसले. दुसरं म्हणजे आपली सुट्टी आणि समुद्राची सुट्टी जुळत नाही. मुंबईत शिडाचा हंगाम ऑक्टोबर ते मे. मुलांची परीक्षा संपवून मेच्या शेवटी नाव नोंदवायला गेलात तर पावसाच्या तोंडावर बोटी वर ओढून ठेवायचं काम सुरू झालेलं असतं. सेशेल्समध्ये मे ते सप्टेंबर आग्नेयेचा वारा जोरात असतो. नवख्या माणसाला एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा. तिथेही माहे बेट ते प्रालँ बेट हे २५ मैलांच्या आसपासचं उघडं पाणी आहे, आणि अंधार पडल्यावर बोट चालवायला करारात सहसा मनाई असते. सकाळी उशिरा उठणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

शेवटचा अडथळा तळावर येतो. नुकसानीची अनामत कंपनी क्रेडिट कार्डावर अडवून ठेवते. सहकारी बँकेचं डेबिट कार्ड तिथे टेबलावर ठेवून उपयोग नाही. कार्ड तांडेलाच्याच नावाचं लागतं, मर्यादा पुरेशी लागते, आणि नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतो, तो आधी ॲपमधून चालू करावा लागतो. त्यासाठी ओटीपी येतो इथल्या सिमवर. ते सिम चालू ठेवून न्या, घरी ड्रॉवरमध्ये ठेवून जाऊ नका.