ॲसिटिक गोठलं, फॉर्मिक पातळच राहिलं, मग खराब कोणतं?

थंडी पडली की सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या डायिंगवाल्यांचा हा प्रश्न ठरलेला असतो, की टॉवेलच्या रंगाला लागणारे दोन कॅन रात्री शेडमध्ये शेजारी शेजारी ठेवले, एक ॲसिटिक एक फॉर्मिक, दोन्ही दिसायला पाण्यासारखे आणि दोन्हीचा वास नाकात जाणारा, आणि सकाळी बघतो तर ॲसिटिक घट्ट झालंय, फॉर्मिक तसंच आहे, मग ॲसिटिकचा माल डुप्लिकेट आला का?

नाही हो, उलट चांगला आलाय. शुद्ध ॲसिटिक ॲसिड 16.6 अंशालाच गोठतं आणि सोलापुरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा त्याच्या खाली सहज जातो. त्यात पाणी असेल तर ते इतक्या लवकर गोठत नाही, 99 टक्क्यांचं असेल तर साधारण पावणेपंधरा अंशाला, 95 टक्क्यांचं असेल तर दहाच्या आसपास. म्हणजे गोठलेला कॅन हा पाणी कमी असल्याचा पुरावा समजा. घरातलं व्हिनेगर पण ॲसिटिकच, पण त्यात ॲसिड चार-पाच टक्के आणि बाकी सगळं पाणी, म्हणून ते इथल्या थंडीत कधीच गोठणार नाही.

आता फॉर्मिक. अगदी शुद्ध असेल तर ते 8.4 अंशाला गोठतं, पण आपल्याकडे येतं ते बहुतेक 85 टक्क्यांचं, त्यातल्या पाण्यामुळे ते शून्याच्या बऱ्याच खाली गेल्याशिवाय घट्ट होत नाही.

खरा घोळ पुढे होतो. घट्ट झालं म्हणजे ते जास्त कडक, म्हणजे जास्त तीव्र ॲसिड, असं बरेच जण धरून चालतात, पण गोठणं आणि कडकपणा यांचा काही संबंध नाही. ॲसिड किती कडक ते पीकेए या आकड्यावरून कळतं: फॉर्मिकचा पीकेए 3.75, ॲसिटिकचा 4.76, आकडा जेवढा लहान तेवढं ॲसिड कडक, म्हणजे जे पातळ राहिलं तेच दोघांत कडक निघालं. घट्ट की पातळ हे ज्याच्या त्याच्या वितळण्याच्या तापमानावर: लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, मे महिन्यात 43 अंशाला सुद्धा पांढरी पूडच असते कारण ते 150 च्या वर वितळतं, आणि हायड्रोक्लोरिक मुळात वायू, आपण घेतो ते त्याचं पाण्यातलं द्रावण.

सगळ्यात जास्त सांभाळायचं ते अर्धवट गोठलेल्या कॅनला. कॅन तिरका करून बघा, तळाशी पांढरे स्फटिक बसलेले असतात आणि वर पातळ. पाण्याचा बर्फ तरंगतो, ॲसिटिकचा घट्ट भाग जड असतो म्हणून खाली बसतो. स्फटिकात जवळजवळ शुद्ध ॲसिड जमतं आणि पाणी वरच्या पातळ भागात उरतं, म्हणून घाईत वरचं वरचं मगाने काढून बाथमध्ये, म्हणजे रंगवायच्या पाण्यात, ओतलं तर डोस कमी पडतो, आणि तोच कॅन दुपारी वितळल्यावर तळातून काढलं तर डोस जास्त. मग पीएच, म्हणजे पाण्याच्या आंबटपणाचं माप, आज एक उद्या एक, रंगाची छटा जुळत नाही, आणि बोल बसतो रंगाला! आधी पूर्ण वितळू द्या, हलवून एकसारखं करा, मगच मापा.

वितळवायला कॅन कोमट पाण्याच्या टबात ठेवा, बूच थोडं सैल करून, हातमोजे आणि चष्मा घालून. अण्णा, शेगडी किंवा बर्नर जवळ अजिबात नको, कारण ॲसिटिकची वाफ साधारण 39-40 अंशाला पेट घेण्याइतकी होते. तेवढं तापमान तर एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या शेडमध्ये शेगडीशिवायच असतं, म्हणून उन्हाळ्यात त्या कॅनजवळ वेल्डिंग आणि बिडी दोन्ही बंद ठेवा. 90 टक्क्यांच्या वरचं फॉर्मिक आणलं असेल तर त्याचं वेगळं, ते हळूहळू विघटित होऊन कार्बन मोनॉक्साईड सोडतं, उन्हात हे जास्त होतं आणि बंद कॅन फुगतो, त्यामुळे ते सावलीत, हवा खेळती असेल तिथे आणि हवा जाणाऱ्या बुचाच्याच कॅनमध्ये ठेवा.