उजेड पुढे, उष्णता मागे

मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, 10 वॅटचा एलईडी कुठल्याही दुकानात मिळतो. टिचभर पिवळा चौकोन आणि त्याला मागून धातूची पट्टी. घरी आणून ड्रायव्हरला, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणाऱ्या सर्किटला, नुसताच जोडला, तर डोळे दिपतात आणि बघता बघता पट्टीला हात लावणं अशक्य होतं. एलईडी थंड असतो असं आपण ऐकलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे.

जुन्या बल्बची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापायची, पण तिची बरीचशी उष्णता इन्फ्रारेड किरणांतून उजेडाबरोबरच निघून जायची. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात इन्फ्रारेड जवळजवळ नसतंच, म्हणून त्याच्यासमोर बसलं तरी ऊब जाणवत नाही. मात्र त्याला दिलेल्या विजेतली निम्मी किंवा त्याहूनही जास्त वीज उष्णता होते, तीही काही चौरस मिलिमीटरच्या चिपमध्ये. या उष्णतेला बाहेर पडायला एकच वाट आहे, ती म्हणजे चिपच्या पाठीमागचा धातू. पाठ नीट बसवली नाही, तर चांगल्यातला चांगला एलईडीही लवकर मंद होतो.

याचं गणित सोपं आहे. 10 वॅटपैकी 7 वॅट उष्णता धरू. वाटेतला प्रत्येक थर दर वॅटमागे तापमान किती अंशांनी चढवतो, तो त्याचा उष्णतारोध. हीटसिंकचा, म्हणजे एलईडी ज्यावर बसवतात त्या धातूच्या ठोकळ्याचा 5, दोघांमधल्या थर्मल पेस्टचा 0.5 आणि एलईडीच्या आतला 1.5 धरला, तर एकूण 7. म्हणजे चिप भोवतालच्या हवेपेक्षा 49 अंशांनी जास्त तापणार. मुंबईच्या मे महिन्यातल्या 35 अंशांत ती 84 अंशांवर जाते, आणि हे चालण्यासारखं आहे. तोच दिवा पीओपीच्या बंद सीलिंगमध्ये बसवला, की आतली कोंडलेली हवाच 50 अंशांवर गेलेली असू शकते. मग चिप 99 वर. खाली एसी चालू असला तरी वर त्याचा काही उपयोग नाही. नव्या फ्लॅटमध्ये डाउनलाइट बसवणाऱ्यांनी वॅट मोजण्याआधी सीलिंगच्या वर मोकळी जागा किती आहे, हे बघावं असं मला कळकळीनं वाटतं.

आता त्या 0.5 कडे पाहू, कारण घात इथेच होतो. एलईडीची पट्टी आणि हीटसिंक दोन्ही गुळगुळीत दिसतात, पण दाबून धरले तरी मोजक्या उंचवट्यांवरच टेकतात आणि मधे हवा राहते. स्थिर हवा अ‍ॅल्युमिनियमपेक्षा हजारो पटींनी कमी उष्णता वाहून नेते. एक चौरस सेंटिमीटर जागेत सलग 0.1 मिलिमीटर हवेचा थर असेल, तर त्याचा रोध दर वॅटला सुमारे 38 अंश भरतो. तीच फट साध्या थर्मल पेस्टनं भरली की अर्धा अंश! पेस्ट हवी ती एवढ्यासाठीच, पण ती धातूइतकी चांगली वाहक नाही. म्हणून जाड लेप नको. तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका मधोमध ठेवायचा, एलईडी दाबून थोडा फिरवायचा आणि स्क्रू आलटूनपालटून आवळायचे. एकच बाजू आधी घट्ट केली तर दुसरी उचलली जाते. वायरींना डाग हीटसिंकवर बसवण्याआधीच द्यावा. नंतर हीटसिंक सोल्डरिंग आयर्नचा ताव ओढून घेतो आणि कथील नीट धरत नाही.

हीटसिंकची पाती (फिन्स) उभी ठेवावीत, म्हणजे तापलेली हवा त्यांच्यामधून वर निघते. गच्चीवरच्या फ्लडलाइटच्या पात्यांत धूळ आणि कबुतरांची घाण साचते. पावसाळ्याआधी ती ब्रशनं काढून टाकली तरी दिव्याचं आयुष्य वाढतं. आणि हीटसिंक गरम लागतो म्हणून घाबरू नये. तो गरम होतोय म्हणजे उष्णता तिथवर पोचतेय. एलईडीची पट्टी चटका देतेय आणि हीटसिंक थंडगार आहे, अशी स्थिती असेल तर ती मात्र धोक्याची.

ड्रायव्हर स्थिर करंट देणाराच हवा. एलईडी तापला की त्याला तेवढ्याच करंटसाठी कमी व्होल्टेज पुरतं. थेट स्थिर व्होल्टेजवर जोडलात तर करंट वाढतो, त्यानं तो आणखी तापतो, करंट आणखी वाढतो आणि चिप जळते. ड्रायव्हरही एलईडीच्या उष्णतेपासून दूर असावा, कारण त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर 10 अंशांना साधारण निम्मं होतं. बंद पडलेल्या दिव्यात अनेकदा एलईडी शाबूत आणि ड्रायव्हर गेलेला निघतो, त्यामागे हेही एक कारण असतं.

तापल्यावर एलईडीचं व्होल्टेज घसरतं, त्या घसरणीचा थर्मामीटर म्हणून उपयोग होतो. चिपमागे दर अंशाला ती साधारण 2 ते 4 मिलिव्होल्ट असते. स्थिर करंटवर दिवा लावताक्षणी मल्टिमीटरनं व्होल्टेज टिपा आणि अर्ध्या तासानं पुन्हा टिपा. एका ओळीत 3 चिप असताना 0.3 व्होल्ट उतरला, तर प्रत्येकीमागे 100 मिलिव्होल्ट झाले. दर अंशाला 2 धरले तर चिप 50 अंशांनी तापली. फक्त ड्रायव्हर आयसोलेटेड असेल, म्हणजे त्याच्या आउटपुटचा मेन्सशी थेट विद्युत संबंध नसेल, तरच हे करा. स्वस्त बल्बांत एलईडीच्या पट्टीवर थेट 230 व्होल्टचा शॉक बसू शकतो, तिथे मल्टिमीटरचे प्रोब लावू नका.