हॉरर गेमची जागा निवडताना
गेम बनवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

आम्ही छोट्या गेम स्टुडिओंसाठी लेव्हल, प्रॉप (जागेतल्या वस्तू) आणि जागेचा आवाज तयार करून देतो. हॉरर गेमचं काम आलं की मागणी बहुतेक ठरलेली असते: ओसाड हवेली, बंद पडलेलं मनोरुग्णालय, रात्रीची शाळा, जंगलातली झोपडी. तयार अ‍ॅसेट (मॉडेल, चित्रं, आवाज) मुबलक मिळतात, काम लवकर होतं. पण दार करकरलं की पुढे काय येणार, हे खेळाडूला पाठ असतं. (मनोरुग्णालयाबद्दल आमची आणखी एक तक्रार आहे: तिथे शेवटी आजारी माणसालाच राक्षस करावं लागतं.)

जागा सुचवताना आम्ही आधी एवढंच बघतो की तिथे वावरणाऱ्याला कोणता नियम पाळावा लागतो. नियमच अंगावर येणारा असेल, तर भूत उशिरा आणलं तरी चालतं. कधी कधी आणावंच लागत नाही.

दार समोर, पण बाहेर पडायला कित्येक दिवस

समुद्रतळावरच्या तेलवाहिन्यांची कामं करणारे सॅच्युरेशन डायव्हर जहाजावरच्या पोलादी टाक्यांमध्ये राहतात. मुक्काम साधारण चार आठवड्यांपर्यंत असतो. समुद्रात जितक्या खोलवर काम करायचं, तिथल्या पाण्याइतकाच दाब टाकीतही ठेवलेला असतो. पलीकडे साधी मोकळी हवा आहे, पण दार एकदम उघडलं तर मृत्यू अटळ. दाब उतरवायलाच कित्येक दिवस जातात. जेवण दुहेरी दारांच्या छोट्या कप्प्यातून आत येतं. संडासचं पाणी सोडायचं तरी बाहेरच्या माणसाला आधी सांगावं लागतं. श्वासातल्या हेलियममुळे बोलणं इतकं चिरकं होतं की ते बाहेर कळावं म्हणून यंत्रातून दुरुस्त करून ऐकतात.

आता खेळाडूला टाकीत न ठेवता बाहेर, कंट्रोल पॅनलवर बसवा. आत चौघे आहेत. यंत्रातून पाचवा आवाज येतो, आणि तो दाब उतरवायची विनंती करतो. अख्खा गेम दोन खोल्यांत बसतो, म्हणजे बजेटही आटोक्यात राहतं. आमच्या यादीत ही जागा सध्या सगळ्यात वर आहे.

घंटी वाजली तर?

जिवंतपणी पुरलं जाण्याची धास्ती युरोपात एकेकाळी इतकी होती की १८व्या शतकाच्या अखेरीपासून जर्मनीत खास शवगृहं बांधली गेली. मृत्यूची खात्री पटेपर्यंत, म्हणजे शरीर सडू लागेपर्यंत, मृतदेह तिथे ठेवत. काही ठिकाणी बोटांना दोऱ्या बांधून त्या पहारेकऱ्याच्या खोलीतल्या घंटीला जोडलेल्या असत. शरीर फुगलं, किंचित हललं, तरी घंटी वाजायची. पहारेकऱ्याला दर वेळी उठून बघणं भाग. वास दबावा म्हणून भोवती फुलं मांडलेली.

खेळाडूला यापेक्षा जास्त काम देऊ नका. उठायचं, दिवा घ्यायचा, बघून परत यायचं. जंप स्केअर (अचानक काहीतरी समोर आणून दचकवणं) घालण्याचा मोह होईल. आमचा सल्ला, पहिल्या तासात एकही नको. अपेक्षा वाया गेली की माणूस जास्त घाबरतो.

कान निकामी करणारी जागा

स्कॉटलंडमधल्या इंचिनडाउन इथे डोंगराच्या पोटात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या तेलाच्या टाक्या आहेत. आत शिरायला अरुंद पाइप. ध्वनितज्ज्ञ ट्रेव्हर कॉक्स यांनी तिथे घेतलेल्या मोजमापात १२५ हर्ट्‌झचा आवाज विरायला ११२ सेकंद लागले. हॉरर गेममध्ये खेळाडू डोळ्यांपेक्षा कानांवर भिस्त ठेवतो. इथे मागून येणारी पावलं आपलीच, मिनिटभरापूर्वीची, की दुसऱ्या कुणाची, हे कळत नाही. तांत्रिक बाजू सांगून ठेवतो: एवढा प्रतिध्वनी जसाच्या तसा टाकला तर हेडफोनमध्ये नुसता गाळ होतो. आम्ही तो थरांत तोडतो आणि फक्त पावलं व श्वास लांबवतो.

आणखीही जागा आहेत. तुर्कस्तानातलं डेरिनकुयू हे जमिनीखालचं शहर घ्या: तिथली दारं म्हणजे दगडी चाकं, आणि ती आतूनच लागतात. फ्रान्समधला ‘पासाज द्यू ग्वा’ हा बेटाकडे जाणारा रस्ता दिवसातून दोनदा भरतीखाली जातो. अडकलेल्यांना चढून बसायला वाटेत उंच खांब आहेत. म्हणजे वेळेचं गणित तयारच मिळतं. फिनलंडच्या ‘ओंकालो’मध्ये, चारशेहून अधिक मीटर खोल खडकात, अणुकचरा एक लाख वर्षं सुरक्षित राहावा असं नियोजन आहे. इथे कथेला हवा तेवढा काळ आहे. फक्त बोगद्यांचं मॉडेलिंग कंटाळवाणं होतं, हे कबूल.

काम देण्यापूर्वी

खऱ्या जागेचा नियम घ्यावा. नाव आणि नकाशा बदलावा, असं आम्ही सुचवतो. नाव ठेवायचंच असेल, तर लागतील त्या परवानग्या तुम्ही घ्यायच्या. ज्या दुर्घटनेतल्या माणसांचे नातेवाईक आज हयात आहेत, तिच्यावर बेतलेली लेव्हल आम्ही करत नाही.

पहिल्या भेटीला येताना एका पानावर लिहून आणा: खेळाडू तिथे का गेला, त्याला कोणता नियम मोडता येत नाही, आणि तो मोडला तर नेमकं काय होतं. राक्षसाचं चित्र नसलं तरी चालेल. अ‍ॅसेटची यादी आधी करू नका. पहिली चाचणी-लेव्हल दिवे आणि आवाज एवढ्यावरच उभी करतो, ती खेळून झाल्यावर यादी आपण एकत्र बसून करू.