मॅग्नेटवरचे वॅट आणि गल्लीतला बेस

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात डॉल्बीचा सेट बांधणारा माणूस बेसचे स्पीकर घ्यायला दुकानात गेला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती वॅटचा?" दुसरा प्रश्न तोंडाने विचारत नाहीत, मॅग्नेट हातात तोलून बघतात. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत लोखंड ओतणाऱ्या बेळगावात वजनावर भरवसा असायचाच. पण निओडिमियमचं हलकं मॅग्नेट फेराइटच्या जड चकतीइतकं, कधी तिच्याहूनही जास्त जोर लावतं. आणि मागे छापलेले वॅट आवाजाचे नसतातच. तो स्पीकर किती उष्णता सोसेल, एवढंच त्या आकड्यावरून कळतं.

चांगल्या अठरा इंची बेसला १ वॅट दिला तर १ मीटरवर साधारण ९८ डेसिबल आवाज मिळतो. कार्यक्षमतेच्या भाषेत हे जेमतेम ४ टक्के झाले. म्हणजे १००० वॅट घातले तर ४० वॅटचा आवाज होतो आणि उरलेले ९६० वॅट चार इंच व्यासाच्या कॉइलला, म्हणजे मॅग्नेटमधल्या तारेच्या वेटोळ्याला, तापवत बसतात. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. कॉइल २०० अंशांनी तापली की रोध जवळपास पावणेदोन पट होतो, तेवढ्याच व्होल्टला करंट कमी जातो आणि आवाज ३ ते ५ डेसिबल उतरतो. मिरवणूक निघताना छातीत बसणारा बेस पुढच्या चौकात मऊ पडतो, तो यामुळे. मग पोरं ओरडतात, "दादा, चढव की!" दादा चढवतो, कॉइल आणखी तापते, आवाज मात्र फारसा वाढत नाही.

म्हणून घेताना आधी सेन्सिटिव्हिटी बघावी, म्हणजे १ वॅटला १ मीटरवर किती डेसिबल मिळतात ते. ९५ डेसिबलच्या स्पीकरला १००० वॅट लागतात तिथे ९८ डेसिबलचा ५०० वॅटमध्ये भागवतो. वॅट दुप्पट केले तर थंड कॉइलवरसुद्धा फक्त ३ डेसिबल वाढतात. त्याऐवजी तसाच दुसरा बॉक्स शेजारी लावून त्यालाही तेवढीच पॉवर दिली तर खालच्या सुरांत ६ डेसिबल मिळतात, कारण दोन्ही कोन, म्हणजे स्पीकरचे मागेपुढे हलणारे पडदे, मिळून दुप्पट हवा ढकलतात. माझं मत विचाराल तर पैसे थोडे असताना महागड्या एका ड्रायव्हरपेक्षा (पेटीत बसणारा नुसता स्पीकर) मध्यम दर्जाचे दोन केव्हाही बरे. ट्रॉलीत जागा नसेल तर गोष्ट वेगळी.

बेस म्हणजे शेवटी हवा हलवणं. सूर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच आवाजासाठी कोनला चौपट अंतर मागेपुढे जावं लागतं. ८० हर्ट्झला २ मिलिमीटर पुरत असतील तर ४० हर्ट्झला ८ लागतात, आणि २० हर्ट्झला ३२, जे डॉल्बीतल्या कुठल्याही साध्या ड्रायव्हरच्या आवाक्याबाहेर आहे. अठरा इंची कोनचं क्षेत्रफळ साधारण १२०० चौरस सेंटिमीटर, पंधरा इंचीचं ८५०च्या आसपास. हा फरक मॅग्नेट कितीही मोठं केलं तरी भरून निघत नाही. त्यात आपला कानही खालच्या सुरांना मठ्ठ. १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा सूर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच वाटायला ५० हर्ट्झचा सूर सुमारे ७८ डेसिबल लागतो.

पोर्ट, म्हणजे हवा आतबाहेर जायला भोक, असलेली पेटी ही अडचण थोडी सोडवते. पोर्टमधली हवा एका ठरावीक सुरावर, समजा ४० हर्ट्झवर, स्वतःच जोरात हलते आणि त्या सुरावर कोनला फारसं हलावं लागत नाही. पण त्याच्या खाली गेलं की पोर्टची हवा नुसती आतबाहेर करते आणि कोनला टेकायला काही उरत नाही. भरलेली समजून जोरात उचललेली घागर रिकामी निघावी तसा तो भलत्याच जोराने बाहेर येतो. रिमिक्समध्ये भरलेला इलेक्ट्रॉनिक बेस ३० हर्ट्झपर्यंतही उतरू शकतो. तो कानाला फारसा ऐकू येत नाही, स्पीकर मात्र फाडतो. म्हणून क्रॉसओव्हरमध्ये (सूर वेगवेगळ्या स्पीकरना वाटून देणाऱ्या यंत्रात) पेटीच्या सुराच्या किंचित खाली, सप्तकाला २४ डेसिबलचा हाय-पास, म्हणजे खालचे सूर अडवणारा फिल्टर, लावायलाच हवा. तो नसेल तर बाकी सगळी काळजी व्यर्थ. दुसऱ्याच्या पेटीची मापं घेऊन सुताराकडून बनवलेल्या पेटीत वेगळा ड्रायव्हर बसवला तर हा सूर कुठे पडला ते मोजूनच बघावं लागतं.

रिपेरीला आलेला बेस उघडला की तो कशाने गेला ते दिसतं. कॉइल काळी आणि वार्निश जळाल्याचा वास, म्हणजे उष्णतेने. कॉइल चकचकीत पण टोकाला चेपलेली, कॉइलला मधोमध धरणारा स्पायडर फाटलेला, म्हणजे कोन हद्दीबाहेर गेला. दोन्हींवर उपाय वेगळे आहेत. हाय-पास पहिल्या मरणापासून वाचवत नाही.

तिथे लिमिटर लागतो, म्हणजे सिग्नल ठरावीक व्होल्टच्या वर जाऊ न देणारं यंत्र. "ॲम्प छोटा पडला म्हणून बेस जळला" असं आपल्याकडे सर्रास म्हणतात, त्यात अर्धंच खरं आहे. छोट्या ॲम्पने स्पीकर जळत नाही. तो ओरबाडून चालवला की लाटेचे शेंडे कापले जातात, आणि पूर्ण चौकोनी झालेल्या लाटेत तेवढ्याच उंचीच्या साध्या लाटेच्या दुप्पट शक्ती असते. हजार वॅटचा ॲम्प मग दोन हजारांच्या जवळ उष्णता ओततो. लिमिटरचं गणित सोपं आहे. ड्रायव्हरवर वॅटचे तीन आकडे असतात. त्यातला सर्वांत लहान घ्यायचा, कारण 'प्रोग्रॅम' त्याच्या दुप्पट आणि 'पीक' चौपट असतो. ८ ओहमच्या ड्रायव्हरचा हा आकडा ८०० वॅट असेल तर ८०० गुणिले ८ याचं वर्गमूळ, म्हणजे ८० व्होल्ट. ॲम्पचा गेन, म्हणजे तो व्होल्ट किती पटीने वाढवतो ते, ३२ डेसिबल, म्हणजे ४० पट असेल तर लिमिटर २ व्होल्टवर बसवायचा. स्पीकर काढून ५० हर्ट्झचा सूर लावला की साध्या मल्टिमीटरवर पडताळता येतं. रात्रभर चालणाऱ्या विसर्जनाला मी तर ४०० वॅट धरून ५७ व्होल्टच ठेवा म्हणेन. कॉइल काही सेकंदांत निवते, पण तापलेल्या मॅग्नेटला निवायला बराच वेळ लागतो.

जाता जाता नियमाचं. २००० सालच्या ध्वनी नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती 'ए' मापात मोजतात, आणि हे माप ५० हर्ट्झचा आवाज सुमारे ३० डेसिबलने कमी धरतं. म्हणून मीटरवरचा आकडा बेताचा असला तरी बेळगावातल्या शहापूरच्या जुन्या घरांची कौलं थरथरू शकतात. भिंतीही खालचा सूर फारसा अडवत नाहीत. आजारी माणसाच्या घरासमोर बेस खाली घ्यायला मीटर कशाला हवा?

ट्रॉलीवर बेसचे बॉक्स एकाला एक चिकटून ठेवावेत. ८० हर्ट्झच्या लाटेची लांबी ४.३ मीटर असते, त्यामुळे मीटरभराच्या आतले बॉक्स एकाच मोठ्या स्पीकरसारखे वागतात. दोन टोकांना वाटले तर गल्लीत कुठे बेस दणकतो, कुठे गायब होतो. पण चिकटवूनही बेस पोकळच वाटला, तर नवी कॉइल भरून आलेले ड्रायव्हर आधी तपासा. बहुतेक ड्रायव्हरमध्ये दीड व्होल्टच्या सेलचं प्लस लाल टर्मिनलला क्षणभर लावलं की कोन बाहेर यायला हवा. चारांतला एक आत गेला तर तो उरलेल्यांपैकी एकाचा आवाज खाऊन टाकतो आणि चार बॉक्समधून दोनांएवढाच बेस निघतो. त्याच्या वायरी उलटवल्या की नवीन ॲम्प घ्यायचा बेत पुष्कळदा तिथेच बारगळतो.