दुपारची वीज आणि मिरकरवाड्याचा बर्फ

25 मे 2025, रविवार. मोसमी पाऊस त्या दिवशी देवगडपर्यंत येऊन पोचला. नेहमीपेक्षा कितीतरी आधी आलेल्या त्या पावसाने आंबा बागायतदारांची उडालेली धांदल सगळ्यांनी पाहिली. त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली आणि तिची चर्चा फारशी झाली नाही. देशाच्या वीज बाजारात, अगदी ऐनवेळच्या खरेदी-विक्रीत, दुपारचा दर शून्याजवळ आला. सुट्टीमुळे कारखाने थंड होते, हवा गार झाल्याने एसी बंद होते, आणि सौर पॅनेल व पवनचक्क्या मात्र वीज देतच होत्या.

त्या महिन्याचं माझं बिल मी मुद्दाम काढून पाहिलं. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वर 16 टक्के वीज शुल्क. त्या दुपारचा कुठे मागमूस नाही. असं का, हे समजायचं तर आधी बाजारातला दर कसा ठरतो ते पाहायला हवं.

हर्णैच्या मासळी लिलावात प्रत्येक पाटीचा भाव वेगळा लागतो. वीज बाजाराची रीत निराळी आहे. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 तुकडे करतात. प्रत्येक तुकड्यासाठी स्वस्त वीज देणारा आधी, महाग देणारा शेवटी, अशी रांग लागते. गरज जिथे पूर्ण होते तिथे रांग थांबते, आणि त्या शेवटच्या विक्रेत्याचा दर सगळ्यांनाच मिळतो. ऊन आणि वारा यांना इंधनाचा खर्च नाही, म्हणून ते रांगेत सर्वांत पुढे येतात आणि महागडी केंद्रं मागून बाहेर पडतात. दर उतरतो. जर्मनीत 2024 मध्ये चारशेहून जास्त तास दर शून्याच्याही खाली होता, म्हणजे वीज घेणाऱ्यालाच वर पैसे.

पण सूर्य मावळला की हीच रांग उलटते. सगळे घरी येतात, दिवे-पंखे लागतात, सौर वीज संपलेली असते आणि दर ठरवतं ते सर्वांत महाग केंद्र. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये 2002 पासून बहुतेक भागात ग्राहक आपला वीज विक्रेता स्वतः निवडतो. फेब्रुवारी 2021 मध्ये तिथे हिमवादळ आलं, गॅसची यंत्रणा गोठली, आणि घाऊक दर युनिटला 9 डॉलरवर जाऊन काही दिवस तिथेच राहिला. तेव्हाच्या हिशेबाने साडेसहाशे रुपये! ज्या घरांचे दर थेट बाजाराशी जोडलेले होते, त्यांना हजारो डॉलरची बिलं आली. आपल्या बाजारात युनिटला 10 रुपयांची कमाल मर्यादा आहे, ती मला अत्यंत गरजेची वाटते.

आपल्याकडे बाजारात विकली जाते ती एकूण विजेतली थोडीच. बाकीची दीर्घ मुदतीच्या करारांतून येते, आणि ग्राहकाचा दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. वीज कंपनीचा सगळा खर्च धरायचा, वर तिला ठरलेला परतावा द्यायचा आणि ही सगळी रक्कम ग्राहकांत वाटून वसूल करायची. यात वादळापासून संरक्षण आहे. पण करार चुकला तर चूकही वर्षानुवर्षं आपल्याच बिलातून फिटते. हे कोकणाला कुणी शिकवायला नको. गुहागरजवळच्या दाभोळ प्रकल्पाचा करार 1993 मध्ये झाला. वीज घ्या न घ्या, स्थिर खर्च द्यायचाच, आणि दर डॉलरशी बांधलेला. मे 1999 मध्ये नाफ्था या खनिज तेलापासूनच्या इंधनावर 740 मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. वीज मंडळ जितकी कमी वीज उचलू लागलं तितकं प्रत्येक युनिट महाग पडत गेलं. दोन वर्षांत प्रकल्प बंद पडला.

तरीही करार नकोतच असं मी म्हणणार नाही. सगळी सौर केंद्रं एकाच वेळी वीज बनवतात, म्हणून जितके पॅनेल वाढतील तितका त्यांच्याच दुपारच्या विजेचा भाव पडतो. निव्वळ बाजाराच्या भरवशावर बँक कर्ज देताना कचरते. ठरावीक दराच्या 25 वर्षांच्या करारामुळेच भांडवल स्वस्तात मिळालं, आणि 2010 मध्ये दहा रुपयांच्या पुढे असलेला सौर विजेचा लिलावातला दर 2020 च्या डिसेंबरात दोन रुपयांच्या आत आला.

म्हणजे विकत घेताना करार हवा. ग्राहकाला विकताना मात्र दुपार आणि संध्याकाळ यांतला फरक दिसायला हवा, आणि तो आज पुरेसा दिसत नाही.

सह्याद्रीच्या पायथ्याशी पोफळीच्या जलविद्युत केंद्रात हा फरक कधीचाच ओळखलेला आहे. कोयनेचं पाणी पश्चिमेकडे वळवायला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा आहे. त्यामुळे दिवसभर पाणी सोडत बसणं परवडत नाही. ते राखून ठेवायचं आणि मागणी चढली की काही मिनिटांत जनित्रं फिरवायची. सौर वीज वाढेल तसं हे संध्याकाळचं पाणी आणखी मोलाचं होत जाणार.

दुसरा साठा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात दिसला. लाकडी फळ्या उचलल्या की खाली उणे आठ-दहा अंशांचं खारं पाणी, त्यात उभे बुडवलेले पत्र्याचे डबे, आणि शेजारी अमोनियाच्या कॉम्प्रेसरची अखंड धडधड. टनभर बर्फाला साधारण 50 ते 70 युनिट लागतात. आज दुपारी गोठवलेली लादी उद्या पहाटे होडीवर चढली तरी चालते. दिव्याची वीज अशी मागेपुढे करता येत नाही, बर्फाची येते.

केंद्राच्या 2023 च्या नियमांनुसार सौर तासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान 20 टक्के कमी असायला हवा, आणि उद्योगांना गर्दीच्या तासांत किमान 20 टक्के जास्त. समजा नेहमीचा दर 8 रुपये आहे. मग दुपारी 6.40 आणि संध्याकाळी 9.60. रोजची हजार युनिटं संध्याकाळवरून दुपारवर आणली तर 3,200 रुपये वाचतात. कारखान्याच्या चालकांनी हा हिशेब शांतपणे ऐकला आणि म्हणाले, "दुपारी सगळा बर्फ काढायचा तर कॉम्प्रेसर मोठा लागेल. त्याचे पैसे फिटेपर्यंत हा दर असाच राहील, एवढं कोण लिहून देईल?"

दर ठरवणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला हवं. सौर केंद्राला 25 वर्षांची खात्री देतो, तर बर्फवाल्याला निदान पाच-सात वर्षांची द्यावी. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा डबे रिकामे असतात आणि देवगडच्या सड्यावर वारा सर्वांत जोरात वाहत असतो. त्या दोन महिन्यांना बर्फाचा उपयोग नाही, तिथे दुसरं काही शोधावं लागेल. पण ऑगस्टपासून होड्या पुन्हा निघतात, आणि ऑक्टोबर उजाडला की कोकणातलं ऊन परत कडक होतं.